निरोगी म्हणून दिलेलं रक्त

रक्त मी स्वतःहून दिलं. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर घरात जो तमाशा झाला त्यात माझ्या आईने चारचौघांत सांगितलं की कंपनीने पोरीला फसवून सुया टोचल्या. काही फसवलं नाही कुणी. आमच्या लॅबला एक निरोगी माणूस हवा होता. लॅबच्या प्रमुख मॅडमनी विचारलं, कोण देतंय? सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. एकाला बीपी, एकीचं हिमोग्लोबिन कमी, एक म्हणाला आमच्या घरात सगळ्यांना शुगर. मी बाही वर केली. म्हटलं, घ्या, मला काय धाड भरलीय!

लॅब महापेला, एमआयडीसीत. आम्ही तिथे नक्की काय करतो हे मी नातेवाइकांना शंभरदा सांगितलंय आणि शंभरदा ते चुकीचं समजलेत. जिवंत माणसाचं लिव्हर, म्हणजे यकृत, सारखं उघडून बघता येत नाही. म्हणून आम्ही त्या माणसाचं थोडं रक्त घेतो. त्यातल्या पेशींना बाहेरून तीन-चार जीन देऊन मागे नेतो, अगदी आईच्या पोटात जीव धरला तेव्हाच्या अवस्थेपर्यंत. आपण रक्त आहोत हे ती पेशी विसरते. तिथून मग तिला हव्या त्या वाटेला लावता येतं. आम्ही यकृताच्या वाटेला लावतो. त्याला वीस-बावीस दिवस लागतात आणि रोज तिचं जुनं पाणी काढून नवं घालावं लागतं. गुलाबी रंगाचं असतं ते, त्यातच तिचं खाणंपिणं सगळं. एक दिवस चुकला की पुढचं मागचं सगळं वाया. त्यामुळे गौरी असोत, नारळी पौर्णिमा असो, नाहीतर सख्ख्या मैत्रिणीची हळद असो, मी आपली पेशींच्या डब्या घेऊन बसलेली.

पण तिसऱ्या आठवड्यात मायक्रोस्कोपला डोळा लावला की सगळं वसूल व्हायचं. पेशी फरशा बसवल्यासारख्या एकमेकींना चिकटून बसलेल्या, कित्येकींच्या पोटात दोन-दोन केंद्रकं, आणि मधल्या फटींतून पित्ताच्या चमकत्या रेघा. माझ्या रक्ताच्या पेशी अशा झाल्या तेव्हा मी मॅडमना हाक मारून दाखवल्या होत्या. आईशपथ, मला रडू आलं होतं. डबीवर आम्ही नाव घालत नाही, नंबर असतो. माझ्या डबीवर लिहिलं होतं, निरोगी-२.

निरोगी कशाला हवा होता, तेही सांगते. आमचं काम एका विशिष्ट आजारावर होतं. आपण खातो त्यातून थोडंथोडं तांबं पोटात जातं. लागेल तेवढं ठेवून उरलेलं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. काही माणसांचं यकृत जन्मापासूनच ते टाकू शकत नाही. मग तांबं साठत जातं, आधी यकृतात, मग मेंदूत, डोळ्यांत. वेळेत कळलं तर गोळ्या घेऊन माणूस म्हातारा होतो. नाही कळलं तर नाही होत. अशा रोग्यांच्या रक्तापासून आम्ही यकृताच्या पेशी वाढवायचो, त्यांना तांबं पाजायचो, नवी औषधं घालून बघायचो. आणि रोगी पेशी किती बिघडल्यात हे ठरवायला शेजारी एक धडधाकट डबी लागायची. ती माझी.

त्याच सुमारास माझं लग्न ठरलं होतं. मुलगा परका नव्हता, माझ्या सख्ख्या आत्याचा धाकटा. आमच्या आगरी समाजात मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क, हे मी समज आल्यापासून ऐकत आले. शाळेत असताना मला या हक्काची भयंकर चीड यायची. मी काय गुरचरणाची जमीन आहे का! पण पुढे तोच आवडायला लागला, त्याला आता काय करणार? तो न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटकडे कामाला. दिवसभर कंटेनरची कागदपत्रं, सह्या आणि शिक्के. मला मॅडम म्हणायचा. "मॅडम, तुमच्या लिव्हरला जेवायला घातलंत का? घातलं असेल तर आमच्या पोटाचंही विचारा," असा त्याचा फोन यायचा.

आत्या उलव्याला राहते. शेतं सरकारी प्रकल्पात गेली, त्याबदल्यात मिळालेल्या प्लॉटवर इमारत उभी राहिली, तिच्याच तिसऱ्या मजल्यावर. आतोबा लवकर गेले. आणि त्यांच्याही आधी तिचा थोरला मुलगा गेला, बाराव्या वर्षी, काविळीने. मी तेव्हा पाच वर्षांची. त्याचे पिवळे डोळे आठवतात आणि गळ्यातली काविळीची माळ आठवते. कसल्याशा मुळीच्या तुकड्यांची माळ असते ती, आधी डोक्यावर ठेवतात. कावीळ उतरत जाते तशी माळ लांबत जाते म्हणे. त्याची माळ लांबत लांबत पोटापर्यंत आली. सगळे म्हणाले, उतरली, उतरली. आठ दिवसांत तो गेला.

त्यानंतर आत्याला कुणा वैदूने सांगितलं की तांब्याच्या भांड्यातलं पाणी लिव्हरला चांगलं. झालं! तेव्हापासून ती धाकट्याला रोज सकाळी अनशापोटी तांब्याच्या कळशीतलं रात्रभर ठेवलेलं पाणी देत आली. तो तेव्हा आठ वर्षांचा होता. वीस-एकवीस वर्षं तिने एक दिवस चुकवला नाही. एक पोर लिव्हरने गेलं, दुसऱ्याचं लिव्हर ती रोज स्वतःच्या हाताने धुऊन काढत होती, असं तिला वाटायचं. मी मुक्कामाला गेले की मलाही तेच पाणी. आणि मी, तांब्याच्या आजारावर पगार घेणारी शहाणी, ते पाणी गटागटा पिऊन लॅबला जायचे आणि माझ्या डोक्यात दिवा लागत नव्हता. अक्कल गहाण ठेवली होती मी, दुसरं काय म्हणू?

लग्नाला दोन महिने होते तेव्हा निरोगी-२ बिघडली. तांब्याचा डोस वाढवत नेला की रोग्यांच्या पेशी लवकर मरायच्या, माझ्या टिकायला हव्या होत्या. त्या धड टिकेनात, धड मरेनात. मधल्याच डोसला मान टाकायच्या. मॅडम म्हणाल्या, "लग्नाचं डोक्यात घेऊन काम करू नकोस." मला असा राग आला! माझ्या हाताला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. मी पुन्हा पहिल्यापासून वाढवल्या. बावीस दिवस रोज पाणी बदललं, केळवणं सोडून. पुन्हा तेच. शेवटी मॅडमनी माझ्या पेशींचा तो जीन तपासायला पाठवला. जो पहिल्याच दिवशी पाठवायला हवा होता, पण हसतीखेळती पोर समोर उभी असताना तिच्या जीनवर कोण संशय घेणार?

रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावलं. प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. माझी एक प्रत खराब होती. "तुला काही होणार नाही," मॅडम म्हणाल्या, "एक चांगली आहे, तेवढी पुरते. दोन्ही खराब असलेल्यालाच आजार होतो. फक्त नवऱ्याची तपासणी करून घे. कोण आहे मुलगा?"

मी म्हटलं, "आत्याचा."

त्यांनी रिपोर्ट माझ्या हातात दिला. आणि तो धरताना माझ्या डोळ्यांपुढून एकेक गोष्ट सरकली. माझी खराब प्रत बाबांकडून आलेली असली, तर ती त्यांच्या बहिणीकडेही असू शकते. थोरला बाराव्या वर्षी काविळीने गेला. आतोबाही आमच्याच गावचे, कुठून ना कुठून नात्यातलेच. म्हणजे ती साधी कावीळ नव्हतीच. आणि धाकटा? गेले सहा महिने तो हसत हसत सांगत होता की बँकेत त्याची सही जुळत नाही. हात थरथरतो. ऑफिसात त्याला चिडवायचे, लग्नाचं टेन्शन आलंय गड्याला. मीही चिडवलं होतं. त्या रिपोर्टचा कागद हातात धरून मी केबिनमध्ये बसले होते आणि मला पहिल्यांदाच मरणाची भीती वाटली, माझ्या नाही, त्याच्या.

दुसऱ्याच दिवशी मी उलव्याला गेले. आईबाबांना बरोबर घेतलं, ही पहिली चूक. नीट सांगायचं ठरवलं होतं, पण माझ्या तोंडाला लगाम कधी होता? आत्याने सवयीने पाण्याचा पेला पुढे केला आणि मी तो हातातून घेऊन बेसिनमध्ये ओतला. म्हटलं, "हे आजपासून बंद. हे विष आहे त्याला."

मग मी सगळं सांगितलं, भराभरा, माझं रक्त, माझ्या पेशी, खराब प्रत, थोरल्याचा आजार, धाकट्याची थरथर. बाबा खाली मान घालून ऐकत होते. आईने कपाळाला हात लावला. आत्या उठून उभी राहिली.

"आमच्या रक्तात खोट काढतंस? माझ्या गेलेल्या पोराला मधी आनतंस? लगीन नको असल तर तसां सांग, बाय! डबीत बघून मानसाचा भविष्य कदी सांगतात?"

"आत्या, एक टेस्ट करू दे त्याला. डोळे आणि लघवी तपासतात, थोडं रक्त घेतात. बाकी काही नाही."

"काय नाय करायची टेस्ट. पत्रिका वाटून झाल्यात. लोक काय म्हनतील, पोरगा आजारी निघाला?"

मग मीही भडकले. म्हटलं, "टेस्ट नाही तर लग्न नाही." बाबा पहिल्यांदा बोलले, तेही मलाच. "तोंड आवर. ती मोठी आहे तुझ्यापेक्षा." आईने मला दंडाला धरून बाहेर काढलं. जिन्यात चपला घालताना मला वरून आत्याचं रडणं ऐकू येत होतं. हे सगळं चालू असताना तो ऑफिसात होता. ज्याच्या जिवाचा प्रश्न, त्याला सोडून बाकी सगळ्यांनी त्यावर भांडून घेतलं होतं.

त्याचा फोन संध्याकाळी आला. आवाजात मॅडम वगैरे काही नव्हतं. "आईला रडवायची काय गरज होती? मला आधी सांगता येत नव्हतं?" मी म्हटलं, चुकलं माझं, पण तू तपासून घे. तो म्हणाला बघू. हे 'बघू' पुढे बारा दिवस चाललं. मी रोज फोन करायचे, तो दोन मिनिटांत ठेवायचा. माझ्याकडे नातेवाइकांचे फोन यायचे. एका चुलतीने विचारलं, लॅबमधलाच कुणी आवडलाय का? म्हटलं हो, त्याचं नाव निरोगी-२. तिने फोन आपटला. हसू नका, त्या दिवसांत मला एक घास धड गिळवत नव्हता. मला रोग्यांचे आकडे माहीत होते, फोटो माहीत होते. वेळ गेल्यावर यकृत दगडासारखं कसं होतं ते मी स्लाइडवर पाहिलेलं होतं. आणि तो रोज सकाळी आईचं मन मोडायचं नाही म्हणून अजूनही ते पाणी पीत होता. हे त्यानेच सांगितलं.

तेराव्या दिवशी मी न कळवता त्याच्या ऑफिसात जाऊन उभी राहिले. त्याच्या टेबलावर फॉर्मचा गठ्ठा होता. मी एक कोरा कागद पुढे केला आणि म्हटलं, "सही कर. वर्षापूर्वीची सही मला पाठ आहे. तशी जमली तर मी तुझ्या आईच्या पाया पडून माफी मागते आणि टेस्टचं नाव काढत नाही."

त्याने पेन उचललं. पहिली सही वाकडी गेली. तो हसला, दुसरी केली. तिसरीला त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. मग पेन खाली ठेवून म्हणाला, "चल, कुठे जायचंय?" तसं म्हणताना त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता आणि मला माझ्या जिंकण्याची लाज वाटली.

लिव्हरच्या डॉक्टरीणबाई बेलापूरला बसतात. त्यांनी आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. तिथल्या यंत्रावर त्याने हनुवटी टेकवली आणि डॉक्टरांनी मलाही बघायला दिलं. बुबुळाच्या कडेने तपकिरी-सोनेरी कडं होतं, दोन्ही डोळ्यांत. पुस्तकात मी ते पन्नासदा पाहिलेलं. इतकी वर्षं त्या डोळ्यांत मी दुसरंच काय काय बघत बसले होते. रक्ताचे आणि लघवीचे रिपोर्ट आले, त्यांनी शिक्कामोर्तब केलं. यकृतावर व्रण धरायला लागले होते, पण बाई म्हणाल्या, अजून वेळ गेलेली नाही. गोळ्या जन्मभर, एकही दिवस न चुकवता. खेकडे, कालवं, कोलंबी, कलेजी बंद. तांब्याच्या भांड्यातलं पाणी बंद. आजार काही त्या पाण्यामुळे झालेला नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं, कारण तो आत्यालाही बरोबर घेऊन आला होता आणि ती समोर बसली होती. आत्याने एकच विचारलं. "हिच्या डबीतला लिवर याला बसवता नाय का येनार?" मी म्हटलं, आत्या, ते नखावर मावेल एवढं असतं आणि महिनाभरही टिकत नाही. ती म्हणाली, "मंग वारव ना, मोठा कर जरा." बाईंनी हसून तिचा हात धरला. मला हसता आलं नाही.

या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. लग्न पुढे ढकललं, ते अजून ढकललेलंच आहे. त्याच्या दोन्ही प्रती खराब, माझी एक, म्हणजे आमच्या पोराला आजार होण्याची शक्यता निम्मी. ते पोटातच तपासता येतं, पण त्यावर काय करायचं हे आम्हा दोघांना अजून ठरवता आलेलं नाही. त्याची सही मात्र सुधारलीय. आईबाबा पूर्वीसारखे बोलतात. आत्या मोकळेपणाने बोलायला लागायला चार महिने गेले.

मागच्या रविवारी मी उलव्याला गेले होते. तो गोळी घेऊन नुकताच बाहेर पडला होता. आत्या खाली बसून मेथी निवडत होती, मीही बसले. अर्धी जुडी निवडून झाली. मग वर न बघता म्हणाली, "बाय, एक विचारतंय. खरां सांग. याच गोल्या माझ्या थोरल्याला दिल्या असत्या तर?"

मला वाटलं होतं, हा प्रश्न कधीतरी येणार. त्याचं उत्तर मी महिनोन् महिने तयार ठेवलं होतं. तिने काय काय सोसलंय ते मी पाहिलेलं. आधीच मी या घरावर कमी खरं आदळलं होतं का? मी म्हटलं, "तेव्हा या गोळ्याच नव्हत्या, आत्या. आत्ता आत्ता निघाल्यात."

तिने मान हलवली. दोन-चार काड्या निवडल्या.

"डॉक्टरीनबायला मी मागच्या खेपंला विचारला होता. का विचारतंय ते नाय सांगितला. ती म्हनाली, गोल्या लय जुन्या हाईत. तिच्या मास्तरांच्या वेलेपासून."

"मग मला कशाला विचारलंस?"

"सगली मना खोटांच सांगतात. कोन म्हनतो देवाची मर्जी, कोन म्हनतो त्याचा तवराच आयुष्य होता. मना वाटला, तू तरी खोटां नाय सांगायचीस. तुझ्याशी भांडले ना मी, तू खरां बोललीस म्हनूनच भांडले."

मी मेथी बाजूला सारली आणि तिचे दोन्ही हात धरले. मातीने माखलेले होते.

"वाचला असता, आत्या."

मग तिने थोरल्याला नावाने हाक मारली, तो खाली अंगणात खेळतोय आणि त्याला जेवायला बोलवायचंय अशी, मोठ्याने. एकवीस वर्षांत मी ते नाव तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मग ती रडायला लागली आणि मी तिला थांबवलं नाही.